आंजनटोल्याचं सरकारमान्य बेट

आंजनटोला वर्षाचे आठ महिने बेट असायचा आणि उरलेले चार महिने साधं गाव. मौद्याच्या पलीकडे धरण झालं तेव्हा आजूबाजूची गावं उठली. पण आंजनटोला टेकाडावर बसलेला. पाणी त्याच्या पायथ्याशी आलं, चारी बाजूंनी फिरलं आणि वर चढायचा कंटाळा येऊन तिथंच थांबलं. सत्तावीस घरं कोरडी राहिली. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पश्चिमेकडे मातीची एक मान उघडी पडायची, तिच्यावरून बैलगाडी जायची. पावसाळ्यात मान बुडाली की मग होता फक्त नत्थूचा डोंगा.

त्या डोंग्याला भोकं किती, हे खुद्द नत्थूलाही ठाऊक नव्हतं. त्याचं म्हणणं, "पाणी आत येते तसं बाहेरबी जाते, आपण मधी काहून पडाव?"

पोलीस पाटील महादेवरावांचा संसार मात्र त्याच डोंग्यात बुडाला. दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात रुखमाबाई मौद्याच्या बाजारातून येत होत्या. अर्ध्या वाटेवर डोंगा भरायला लागला. रुखमाबाईंनी पिठाच्या डब्याचं झाकण घेऊन काठ येईस्तोवर पाणी उपसलं, आणि नत्थू मधूनमधून वल्हं थांबवून त्यांना धीर देत होता. घरी आल्या, ओलं लुगडं पिळलं, आणि म्हणाल्या, "यंत्राची बोट येईन तवा या गावात राहीन. मान उघडली का मी चालली पोरीकडं कळमेश्वरले."

महादेवरावांना वाटलं, मान उघडायला सहा महिने आहेत, तोवर राग निवेल. पण बाईंचा राग नत्थूच्या डोंग्यासारखा गळका नव्हता. मान उघडली त्याच दिवशी ट्रंक घेऊन निघाल्या. तेव्हापासून महादेवराव स्वतःच्या हातानं भाकर थापत होते. ती भाकर एका बाजूनं कच्ची आणि दुसऱ्या बाजूनं कोळसा असे. गावातली कुत्री ती तोंडात धरून काही अंतरावर नेत आणि अदबीनं ठेवून परत येत.

आणि मग, अठ्ठ्याहत्तर साली, सरकारला बेटांची आठवण झाली.

मुंबईहून परिपत्रक निघालं की ग्रामीण बेटांवर येणाऱ्या पाहुण्यांसाठी पक्षीनिरीक्षणाच्या आणि पायी फिरण्याच्या सोयी सुधाराव्यात. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोकण असावं, पण परिपत्रकाला जिल्हे कळत नाहीत. नागपुरात सदरमध्ये रीतसर 'बेट सुविधा कक्ष' उघडला. दोन खोल्या, एक जीप, टाइपरायटरवर यमुताई, आणि वर मधुसूदन देशकर साहेब. साहेबांचे पहिले सहा महिने बेट शोधण्यात गेले. 'निरंक' अहवाल पाठवावा तर कक्ष बंद, आणि कक्ष बंद म्हणजे साहेबांची बदली थेट सिरोंच्याला. शेवटी यमुताईंनीच नकाशावर बोट ठेवलं. "साहेब, हे काय आहे? माझी मावशी इकडेच दिली आहे. तिथं डोंग्यातून जातात म्हणे."

साहेबांनी त्या ठिपक्याकडे असं पाहिलं की कोलंबसानंही पाहिलं नसेल.

पत्र आंजनटोल्याला आलं. समिती पौषात पाहणीला येईल. स्थळ चारी बाजूंनी पाण्यानं वेढलेलं असावं आणि तिथं निदान पंचवीस जातींचे पक्षी दिसावेत. मंजुरी मिळाल्यास पायवाट, बाक, फलक आणि यंत्रचलित नौका देण्यात येईल. महादेवरावांनी 'यंत्रचलित नौका' हे दोन शब्द तीनदा वाचले, पत्र टोपीत खोचलं आणि कळमेश्वर गाठलं.

रुखमाबाई लेकीच्या अंगणात डाळ निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "वाळले तुमी."

"यंत्रचलित नौका," महादेवराव म्हणाले.

"काय?"

"यंत्राची बोट वं! सरकार देऊन राह्यलं. हे पाय, शिक्का हाय."

"शिक्का तं नत्थूच्या डोंग्यावरबी हाय, शेणाचा. बोट पाण्यात दिसू द्या, मंग मी ट्रंक उचलतो."

"दोन महिन्याची गोष्ट हाय."

"दीड वर्स राह्यली, अजून दोन महिने राहीन. भाकर करता येते काय आता?"

"येते," महादेवराव म्हणाले, आणि हाताची पोळलेली बोटं धोतराआड लपवली.

पौष आला. तळ्यावर पाखरांचा असा बाजार भरला की बदकांना पाण्यात उतरायला जागा नव्हती. ती रांगेत उभी राहत. समिती मात्र आली नाही. जीपच्या टायरची मंजुरी यायची होती. माघ गेला, होळी गेली. परदेशी पाखरं सामान बांधून परत गेली. मे लागताच टायर मंजूर झाला आणि पत्र आलं की समिती महिन्याभरानं येत आहे.

तोवर मान उघडून दीड महिना झाला होता. आंजनटोला रीतसर गाव झाला होता. बैलगाड्या जात होत्या, मौद्याची शेळी येऊन इथलं पीक खाऊन जात होती.

महादेवरावांनी गाव गोळा केलं. "आपण बेट नाई राह्यलो, तं बोट गेली," ते म्हणाले. रुखमाबाईंचं नाव त्यांनी काढलं नाही, पण सगळ्यांना ते ऐकू आलं.

"मंग मानच कापून टाकू," नत्थू म्हणाला.

हसू आलं ते थोडा वेळ. मग कुणीच हसेना, कारण दुसरा उपाय कुणाला सुचत नव्हता. आंजनटोल्यात सावड चालायची. आज माझ्या वावरात सगळे, उद्या तुझ्या. तशी महादेवरावांसाठी सावड निघाली. सत्तावीस घरांतून कुदळी, फावडी, घमेली आली. आठ दिवसांत मानेवरून आरपार चर खणला गेला. दीडशे पावलं लांब, पुरुषभर खोल, आणि रुंद एवढा की बैलानं उडी मारायच्या आधी विचार करावा. नवव्या दिवशी दोन्हीकडचं पाणी मध्ये येऊन भेटलं. प्रयागबाई म्हातारीनं त्या जागी हळदकुंकू वाहिलं. आंजनटोला पुन्हा बेट झाला.

इथवर सगळं ठीक होतं. पण ही माणसं शेतकरी. चराच्या दोन्ही काठांवर खालचा काळा ओला गाळ येऊन पडला होता, आणि भर मे महिन्यात ओली माती रिकामी पडलेली पाहणं त्यांना सोसेना. प्रयागबाईनं पहिल्यांदा काकडी टोचली. मग कुणी टरबूज, कुणी वाल. समिती यायच्या आधी दीडशे पावलं हिरवी झाली, सरळ ओळीत. कोंब फुटले तशी पाखरं उतरली. आणि पाखरं उतरली तशी आख्खी गल्ली गोफणी घेऊन धावली. मध्यभागी बुजगावणं उभं राहिलं. एका वाशावर महादेवरावांचा मुलीच्या लग्नातला राखी कोट, वर गेरूनं लाल रंगवलेलं लांब मडकं.

समिती यायच्या आदल्या दिवशी महादेवराव सकाळी बाहेर आले आणि त्यांना कसलासा आवाज येईना. बगळा नाही, टिटवी नाही, साळुंकी नाही.

"पाखरं कुठी गेली?"

"हाकलली," प्रयागबाई अभिमानानं म्हणाली. "एक ठेवलं नाई."

"अव माय! उद्या पाखरं पाह्याले साहेब येऊन राह्यले!"

"मंग येऊ दे ना. माझी काकडी काहून खाऊ देऊ?"

महादेवरावांनी कपाळावर हात मारला. आंजनटोल्याच्या चौदा पिढ्यांनी पाखरं हाकलली होती. बोलवायची कशी, हे कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. त्यांनी तांदूळ टाकून पाहिले, कोंबड्या आल्या. त्यांनी स्वतः 'आव आव' करून हाक मारली. शेजारची म्हैस आली.

दुसऱ्या दिवशी समिती तळ्यापलीकडे, पूर्वेच्या घाटावर जीपमधून उतरली, जिथून मान दिसत नाही. देशकर साहेब हॅट घालून, यमुताई फॉर्म घेऊन, आणि तज्ज्ञ म्हणून बापूजी खानझोडे. बापूजी निवृत्त ड्रॉइंग मास्तर. पाखरांशी त्यांचा संबंध एवढाच की त्यांच्याकडे दुर्बीण होती. आणि दुर्बीण असलेला दुसरा माणूस कक्षाला सापडला नव्हता. नत्थूनं डोंग्याला डांबर फासलं होतं. महादेवराव पुढं बसले.

नत्थूनं डोंगा पूर्वेकडून उत्तरेला नेला, उत्तरेकडून परत पूर्वेला, तिथून दक्षिणेला. पश्चिमेचं नाव नाही.

"कावळा," बापूजी म्हणाले. यमुताईंनी लिहिलं. "दुसरा कावळा, जरा तिरका."

"तिरका म्हणून वेगळी जात होत नाही, बापूजी," यमुताई म्हणाल्या.

"चित्रात होते."

दुपारपर्यंत अकरा झाले, त्यात एक कोंबडी. साहेबांच्या कपाळावर सिरोंचा दिसू लागला. महादेवरावांना कळमेश्वरचं अंगण दिसत होतं आणि त्यात डाळ निवडणारे दोन हात, जे आता कधीच थांबणार नव्हते.

एवढ्यात बापूजी ताडकन उभे राहिले. डोंगा डुगडुगला. "थांबव! थांबव! अरे बाप रे!"

"काय दिसलं?"

"सारस! नर! अंग राखी, मुंडकं लाल! पाच फूट, नाही, सहा! एका पायावर उभा आहे आणि पंख पसरलेत. चाळीस वर्षं ड्रॉइंग शिकवलं, असा सारस कागदावरसुद्धा पाहिला नाही!"

नत्थूनं महादेवरावांकडे पाहिलं. महादेवरावांनी लांबवरच्या आपल्या कोटाकडे पाहिलं.

"जवळ घे," साहेब ओरडले. "पश्चिमेला!"

"तिकडं जाता येत नाई, जी," महादेवराव म्हणाले.

"का?"

"तो... लाजते."

"लाजतो तर लवकर घे!"

काही इलाज राहिला नाही. डोंगा पश्चिमेला वळला आणि चराच्या तोंडाशी येऊन गाळात रुतला. बापूजींना धीर कुठला? दुर्बीण डोळ्यांना लावलेलीच, पाय बाहेर टाकला, काठावरची काकडी तुडवत दहा पावलं सारसाकडे धावले आणि अकराव्या पावलाला चरात. पाणी गळ्यापर्यंत. दुर्बीण वर, बाकीचे बापूजी खाली.

त्यांच्या किंकाळीनं एक गोष्ट झाली. आठवडाभर गोफणींच्या भीतीनं आंजनटोल्यातलं बाकीचं एकूण एक पाखरू चराच्या टोकाच्या बेशरमच्या झुडपात दबून बसलं होतं. ते सगळं एकदम उठलं. बगळे, ढोकरी, शराट्या, पाणकोंबड्या, खंड्या, टिटव्या, पाणकावळे. आभाळ असं भरलं की गावातल्या बायका दिवेलागण झाली समजून गाई दोहायला बसल्या. साहेब नाचत मोजत होते, नत्थू नावं सांगत होता आणि यमुताई लिहीत होत्या. पंचवीस झाले. एकतीस झाले. पुढं फॉर्ममध्ये जागा नव्हती.

महादेवरावांनी बापूजींना काखेत धरून बाहेर काढलं. चष्मा गाळात गेला होता. बापूजी डोळे मिचकावत म्हणाले, "सारस? सारस कुठे आहे?"

नत्थूनं तेवढ्यात बुजगावणं उपटून टरबुजाच्या वेलात आडवं केलं होतं आणि वर तो स्वतः बसला होता.

"उडाला, जी," महादेवराव म्हणाले.

"उडाला," बापूजी तोंडावरचा गाळ पुसत म्हणाले. "कसा उडाला?"

"रुबाबात."

साहेब चराकडे पाहत होते. "पाटील, हे पाणी इथं नेहमीच असतं?"

महादेवराव काही बोलायच्या आत बापूजीच दात वाजवत म्हणाले, "देशकर, पाण्याबद्दल मला विचारा! मी आत जाऊन आलो. चारी बाजूंनी आहे. वरूनसुद्धा आहे!"

साहेबांनी समाधानानं सही केली. यमुताई मात्र नत्थूच्या मांडीखालून बाहेर आलेल्या राखी बाहीकडे पाहत होत्या. महादेवरावांनी हात जोडले. "बाई..."

"फॉर्ममध्ये बुजगावण्याचा रकाना नाही," यमुताई म्हणाल्या, आणि फॉर्म मिटला.

मंजुरी आली. सरकारी कामं एरवी मुंगीच्या पायानं चालतात, पण सहा फुटी सारसाची बातमी मुंबईला पोचली होती. तीन किलोमीटरची पायवाट मंजूर झाली. बेटाचा घेर दोन किलोमीटर. म्हणून ती एकदा पूर्ण फिरली आणि उरलेली एक किलोमीटर पहिलीच्याच शेजारून पुन्हा गेली. नऊ बाक आले. नकाशा उलटा धरला गेल्यामुळे त्यांची तोंडं तळ्याकडे न होता गोठ्यांकडे झाली, आणि म्हशींना पहिल्यांदाच प्रेक्षक मिळाले. 'शांतता राखा, सारस लाजतो' असा फलक आला. आणि जुलैच्या शेवटी, मान बुडाल्यावर, बोट आली. पांढरी, निळा पट्टा, मागं यंत्र. यंत्र सुरू झालं तेव्हा महादेवरावांना बँडच वाजल्यासारखं वाटलं. त्यांनी धुतलेलं धोतर नेसलं, टोपी घातली आणि कळमेश्वरला जायला बोटीत पाय ठेवला.

"उतरा," बोटवाला म्हणाला. "पाटी वाचा."

पाटीवर होतं, 'केवळ पर्यटकांसाठी. स्थानिक रहिवाशांस बसण्यास सक्त मनाई.'

महादेवराव नत्थूच्या डोंग्यातून, पाणी उपसत, सदरला गेले. देशकर साहेबांनी चहा मागवला.

"पाटील, ही सुविधा बाहेरून येणाऱ्यांची आहे. स्थानिकांसाठी नौकेची वेगळी योजना असते."

"मंग ती द्या ना, जी."

"ती बेटांना लागू नाही. तिथे आधीच एक बोट असते."

महादेवरावांनी कप बाजूला सरकवला. "माह्या घरची दोन वर्सं झाले कळमेश्वरले बसून हाय, साहेब. बोट आल्याबिगर येत नाई म्हणते. आता बोट आली, तं तिले बसू नाई देत. मी काय सांगू तिले?"

साहेबांनी खिडकीबाहेर पाहिलं. त्यांनाही वाईट वाटलं असावं, पण वाईट वाटण्यासाठी परिपत्रक नव्हतं. टाइपरायटरची टकटक थांबली.

"पाटील," यमुताई म्हणाल्या, "बाई दोन वर्षं कळमेश्वरला राहतात ना?"

"हो, जी."

"तिकडेच रेशनकार्डावर नाव आहे?"

"पोरीच्या कार्डावर हाय."

"मग त्या स्थानिक कशा?" यमुताई म्हणाल्या, आणि टकटक पुन्हा सुरू झाली.

तीन ऑगस्टला पूर्वेच्या घाटावर पर्यटकांच्या नोंदीला यमुताईच बसल्या होत्या. पाच-सहा शहरी माणसं कॅन्व्हासचे बूट घालून उभी होती. त्यांच्यामागं रुखमाबाई. नऊवारी, डोक्यावर ट्रंक, काखेत लोणच्याची बरणी. बोटीला त्यांनी आधी एक प्रदक्षिणा घातली, तळाला वाकून हात लावून पाहिला, आणि हात कोरडा आला तेव्हा रांगेत लागल्या.

"नाव?"

"रुखमाबाई."

"कुठून आलात?"

"कळमेश्वर."

"येण्याचा उद्देश?"

रुखमाबाई गोंधळल्या. यमुताईंनी हळूच सांगितलं, "पक्षीनिरीक्षण म्हणा."

"तेच ते."

मागचा एक शहरी गृहस्थ कौतुकानं म्हणाला, "वा, आजी! कोणता पक्षी बघायचाय? सारस?"

"सारस कायचा!" रुखमाबाई म्हणाल्या. "एक जुनं पाखरू हाय. पायाले फेंगडं, आवाजाले मोठं. भाकर करपवते म्हणतात. जित्तं हाय काय तेवढं पाह्यचं हाय."

"दुर्बीण आणली का?"

"एवढं लायनं नाई हो ते."

बोट निघाली. आंजनटोल्याच्या काठावर महादेवराव सकाळपासून उभे होते. बोट लागली तेव्हा त्यांनी ट्रंकेला हात घातला, पण बोटवाला म्हणाला, "स्थानिकांनी पर्यटकांच्या सामानाला हात लावायचा नाही." मग ते पर्यटकाच्या मागून, सरकारी पायवाटेवरून, रिकाम्या हातांनी चालत घरी गेले.

"हात पाहू," रुखमाबाई उंबऱ्यात म्हणाल्या.

महादेवरावांनी बोटं पुढं केली. दहापैकी सहा पोळलेली. रुखमाबाईंनी ती उलटसुलट करून पाहिली. ट्रंक ठेवली, पदर खोचला आणि पिठाचा डबा ओढला.

पर्यटकांनी पाचच्या आत परत जायचं असा नियम होता. पाचला बोट गेली, तिच्यात एक माणूस कमी होतं. नोंदवहीत त्या दिवशी आलेले सात, गेलेले सहा असं राहिलं, आणि ते जुळता जुळेना. दिवाळीच्या सुमारास कक्षाचं पत्र आलं. 'सदर पर्यटक तीन ऑगस्टपासून बेटावर असून परतल्याची नोंद नाही. निरीक्षण केव्हा पूर्ण होईल, याचा खुलासा करावा.'

महादेवरावांनी ते चुलीजवळ बसून मोठ्यानं वाचलं. "काय लिहू वं?"

रुखमाबाईंनी तव्यावरची भाकर पालथी केली. "लिवा, पाखरू पाह्यलं. सकाळी कुरकुरते, दुपारी घोरते, सांगतलेलं एक ऐकत नाई. उडून कुठी जात नाई, हे बरं हाय. पण अजून पुरतं ध्यानात नाई आलं म्हणा. येळ लागन."

"किती येळ लिहू?"

"ते पाखराले इचारा."

महादेवरावांनी थोडा विचार केला. मग शुद्ध मराठीत 'निरीक्षण चालू आहे' एवढंच लिहिलं, खाली पोलीस पाटलाचा शिक्का मारला आणि ताट पुढं ओढलं.